जास्तीचा ठोकळा

सहदेव परुळेकरच्या घराला हॉल होता, पण गेली तीन वर्षं तो सहदेवच्या ताब्यात नव्हता. बोरिवलीच्या त्या वन बीएचकेमध्ये हॉलच्या खिडकीशी सासऱ्यांची लोखंडी खाट होती, खाटेशेजारी त्यांची ट्रंक, ट्रंकेवर रेडिओ, रेडिओवर औषधांचा डबा, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवून बसलेले स्वतः विद्याधर तात्या. वय अठ्ठ्याहत्तर, गिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचे मुकादम. सहदेवची मुलगी निशा बारावीला होती; ती स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून कुकरच्या शिट्ट्यांमध्ये गणितं सोडवायची. रविवारी दुपारी हॉलमध्ये पंखा लावून, पाय पसरून तासभर पडायचं, एवढीच सहदेवची आयुष्याकडून उरलेली अपेक्षा होती. तीन वर्षांत तसा एकही रविवार उगवला नव्हता.

तात्यांची मरोळची रामेश्वर कॉलनी पुनर्विकासासाठी पाडली होती. छत्तीस बिऱ्हाडं, बहुतेक कोकणातली, गिरणीत जन्म गेलेली. ज्याची जिथे सोय झाली तिथे तो गेला. तात्यांची सोय लेकीकडे झाली. आणि कॉलनीच्या जागी जी बारा मजली इमारत उभी राहत होती, तिच्या दर्जा तपासणीवर कंपनीने नेमकं सहदेवला पाठवलं. कॉलनीला कोण आनंद झाला! आपल्याच जावयाच्या हातात काम. छत्तीस बिऱ्हाडांनी त्या दिवसापासून त्याला जावई मानलं आणि जावयाला फोन करून जाब विचारायचा हक्कही घेतला.

आता गंमत अशी, की तात्यांची खाट हॉलमधून हलायची तर इमारत पूर्ण व्हायला हवी होती, आणि इमारतीच्या पूर्ण होण्याच्या आड जो माणूस सारखा येत होता तो सहदेवच होता. पाचव्या मजल्याचे चार खांब आतून पोकळ निघाले म्हणून त्याने ते फोडायला लावले. त्यात अठरा दिवस गेले.

"अहो, जरा कमी बघत जा ना," अनुपमा त्या संध्याकाळी म्हणाली. "बाकीचे इंजिनीअर काय सगळं बघतात?"

"खांब पोकळ होता गं."

"आणि पोरगी ओट्यावर बसून इंटिग्रेशन करते, ते दिसत नाही?"

सहदेवला दोन्ही दिसत होतं. त्याचं दुखणंच ते होतं. एकतीस वर्षं या धंद्यात काढून त्याला एवढंच कळलं होतं, की नीट बघणाऱ्या माणसाला कुणी चहासुद्धा मनापासून देत नाही.

यंदा हेड ऑफिसने एक तक्ता पाठवला होता. कामात काय काय बिघडू शकतं, त्याची शक्यता किती, त्यावर उपाय काय, हे सगळं लिहून द्यायचं. बाकीच्या साईटवाल्यांनी एकमेकांचं उतरवून दिलं. सहदेवने तीन दिवस खपून एक्केचाळीस धोके लिहिले. त्यातला चौतिसावा होता, तपासणीचे ठोकळे गहाळ होणे. शक्यता: नगण्य. उपाय: एक ठोकळा जास्तीचा भरणे.

हे ठोकळे म्हणजे असं, की स्लॅब ओतताना तेच काँक्रीट वीतभराहून थोड्या लहान लोखंडी साच्यांमध्येही भरतात. सुटलेले ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात घालून दाबतात. ठोकळा किती दाबाला फुटतो यावरून स्लॅबची लायकी ठरते. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही, याचं सहदेवला अधूनमधून वाईट वाटायचं. शेवटचा, म्हणजे गच्चीचा स्लॅब पडला तेव्हा त्या दिवसासाठी नियमाने तीन ठोकळे हवे होते. सहदेवने चार भरले. प्रत्येकावर लाल रंगाने स्वतःच्या हाताने नंबर आणि तारीख घातली. हा एक स्लॅब पास झाला, की गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग मंजुरी, मग चाव्या, आणि मग, सहदेवला मनात उच्चारायलाही भीती वाटे, हॉल.

सत्ताविसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्याने टाकीत हात घातला. पाणी गढूळ होतं. त्याने खांद्यापर्यंत हात घातला. मग टाकी उपसायला लावली. तळाशी इतर मजल्यांचे ठोकळे होते, एक चमचा होता, कुणाची तरी चप्पल होती. गच्चीचे चार तेवढे नव्हते.

"लहू!" त्याने वॉचमनला हाक मारली. "या दिवसांत बाहेरचा कुणी माणूस आत आला होता?"

"बाहेरचा? नाय साहेब," लहू छाती काढून म्हणाला. "माझ्या ड्युटीत बाहेरची मांजर आत येत नाय."

मग शोध सुरू झाला. आता साईटवरच्या ठोकळ्यांची एक रीत आहे. यंत्रात दाबून झालेले, कडा उडालेले ठोकळे कुंपणाशी टाकतात, आणि ज्याला लागेल तो ते घेऊन जातो. मरोळच्या त्या गल्लीत निम्मं सामान ठोकळ्यांवर उभं होतं. लहूचं स्टूल, इस्त्रीवाल्याचं टेबल, चहावाल्याचं बाकडं, सगळं. सहदेव एकेकाच्या पुढ्यात वाकून नंबर वाचत सुटला.

गेटाबाहेर मढहून येणारी कृष्णाबाई मासळी घेऊन बसायची. तिची फळी दोन ठोकळ्यांवर होती.

"मना चोर बोलतंस काय रं जावया?" ती कडाडली.

"चोर नाही गं बाई. फक्त नंबर बघायचाय."

"बघ. आनी फली धर. गिऱ्हाइक खोटी होतंय."

सहदेवने एका हाताने फळी धरली, दुसऱ्या हाताने ठोकळा फिरवला. दुसऱ्या मजल्याचा, दोन वर्षांपूर्वीचा. दुसराही तसाच. तेवढ्यात कृष्णाबाईने एका बाईला सुरमई कापून द्यायला घेतली, आणि दर्जा तपासणी प्रमुख सहा तुकड्या होईपर्यंत फळी धरून उकिडवे बसून राहिले. शर्टाच्या बाहीला लागलेला वास त्याला दिवसभर सोबत करत होता.

दुपारी साईटचा मुख्य, अल्पेश, मध्ये पडला. त्याने आपल्या परीने मदत म्हणून गल्लीत सांगून टाकलं, की ज्याच्याकडे ठोकळा सापडेल त्याला पोलीस नेणार. परिणाम असा झाला, की तीन वाजेपर्यंत टाकीशेजारी सत्तावीस ठोकळे येऊन पडले. इस्त्रीवाल्याने चार आणले. न्हाव्याने खुर्चीखालचे दोन आणले आणि त्याची खुर्ची गिऱ्हाइकासकट कलंडली. देवळाच्या पुजाऱ्याने तुळशीखालचे पाठवून दिले, वर निरोप पाठवला की देवीला राग आला तर जबाबदारी साईटची. सहदेवने सत्तावीसच्या सत्तावीस पालथे घालून पाहिले. त्यात गच्चीचा एकही नव्हता.

"सहदेवभाई," अल्पेश म्हणाला, "समोर सत्तावीस पडलेत. चार चांगले बघा, घासा, रंग मारा, नंबर टाका. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"तुम्हाला कळलं तर काय बिघडलं? तुम्ही तर आपलेच."

"एकतीस वर्षांत मी खोटा नंबर घातला नाही, अल्पेशभाई."

"म्हणून तर एकतीस वर्षं तुम्ही साईटवर आहात ना यार," अल्पेश जराही न चिडता म्हणाला. "ठोकळे नसले तर ती तपासणीवाली दीप्ती मॅडम काय करणार माहीत आहे ना? मशीन लावून स्लॅबला भोकं पाडणार. मग लॅब, मग रिपोर्ट, मग भोकं बुजवा. दोन महिने गेले समजा. वाट लागली."

सहदेवला माहीत होतं. दोन महिने म्हणजे निशाची परीक्षा ओट्यावर. दोन महिने म्हणजे आठ-नऊ रविवार.

घरी पोचल्यावर त्याने झाला प्रकार सांगितला तेव्हा तात्या खाटेवर बसले होते. ते सोसायटीच्या दक्षता समितीचे अध्यक्ष होते आणि आठवड्यातून दोनदा साईटवर जाऊन विटा वाजवून बघत असत. चोरीचं ऐकून ते लालबुंद झाले.

"आमच्या कॉलनीत चोर? जावईबापू, मी उद्या येतंय साईटीर. बगतंय कोण तो मेलो!"

बोलताना त्यांचे पाय हवेत हलत होते, जमिनीला लागत नव्हते. सहदेवच्या ते ध्यानात आलं नाही. दिवसभर वाकून त्याची कंबर गेली होती.

"हॉल बघितलात का?" अनुपमाने विचारलं. "दहा-बारा दिवस झाले, तात्यांनी ट्रंक खाटेखाली सरकवलीय. किती मोकळं झालंय! तुमचं लक्ष तरी आहे का?"

"छान झालंय," सहदेव न बघता म्हणाला आणि जेवायला बसला.

बुधवारी सकाळी सहा वाजता पाणी आलं. सहदेव झोपेतच बादली घेऊन हॉलमधून निघाला आणि खाटेच्या कडेला लोंबणाऱ्या चादरीत त्याचा पाय गेला. अंगठा कशावर तरी असा आपटला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने बादली ठेवली, अंगठा धरला, चादर उचलली, आणि अंगठा विसरला. खाटेच्या पायाखाली लाल रंगातलं त्याचंच अक्षर होतं. तो रांगत खाटेभोवती फिरला. चारही पायांखाली चार ठोकळे होते, कोरे करकरीत, धारदार कडांचे.

"तात्या!"

"काय झाला?" तात्या उशीवरून म्हणाले.

"हे ठोकळे कुठून आणलेत?"

"खंयसून म्हणजे? साईटीवरसून. तुमच्या त्या टाकयेत होते. सगळेच नेतत ना? पण माका ते कडे उडालेले नको होते, खाट डुगडुगता. हे चार एकदम फस्क्लास. लहून रिक्षात घालून दिल्यान."

"अहो, काल तुमच्यासमोर बसून मी सांगत होतो ना, ठोकळे गेले म्हणून!"

"तुमी चोरी म्हणालात," तात्या उठून बसले. "ही कसली चोरी? घर माझा, सिमिट माझा."

"पण चारच का नेलेत?"

"खाटयेक पाय चार."

सहदेव तिथेच फरशीवर बसला. तीन ठोकळे असते तर तात्यांनी त्यांना हात लावला नसता. आयुष्यभर कापडातला एक चुकलेला धागा शोधणारा माणूस तीन चांगल्या ठोकळ्यांबरोबर चौथा फुटका लावणं शक्यच नव्हतं. चौथा ठोकळा सहदेवने स्वतः भरला होता. ठोकळे गहाळ होऊ नयेत म्हणून. नळाचं पाणी जायची वेळ झाली तरी तो तसाच बसून होता. शेवटी अनुपमानेच बादल्या भरल्या.

चार ठोकळे आणि तात्या यांना घेऊन तो रिक्षाने मरोळला निघाला. तात्या येणारच म्हणून हटून बसले होते. चोर सापडला असला तरी समितीच्या अध्यक्षांनी हजर राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. साईटवर पोचताच अल्पेशने ठोकळे बघितले आणि त्याचा चेहरा फुलला.

"मिळाले ना! झकास! टाका टाकीत, ओले करा. मॅडम दहाला येतात. बस, बाकी काही बोलायचं नाही."

लहूने ठोकळे पाण्यात सोडले. सहदेवने त्याच्याकडे बघितलं.

"तूच रिक्षात घालून दिलेस? मग काल का नाही बोललास?"

"साहेब, तुम्ही बाहेरचा माणूस विचारला," लहूला खरोखरच वाईट वाटलं होतं. "तात्या काय बाहेरचे?"

दीप्ती मॅडम दहाला आल्या. सल्लागार कंपनीतर्फे तपासणीला येणारी ही बाई बारा वर्षांपूर्वी सहदेवच्या हाताखाली शिकून गेली होती, आणि त्याच्यासमोर अजूनही हेल्मेट नीट करून उभी राहायची. तिने ओले ठोकळे बाहेर काढायला लावले, नंबर पडताळले, कडा मापल्या आणि फॉर्म भरायला घेतला.

"अठ्ठावीस दिवस पाण्यातच होते ना, सर?" तिने विचारलं. विचारता विचारताच तिची लेखणी ‘हो’च्या चौकोनावर गेली होती. सहदेव सरांच्या साईटवर तो प्रश्न विचारायचा म्हणून विचारायचा असतो.

सहदेवला फक्त गप्प राहायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. अल्पेश आकाशाकडे बघत होता. सहदेवला ओट्यावरची वही दिसली, वहीवर सांडलेली आमटी दिसली, पंख्याखालचा रिकामा हॉल दिसला. आणि वर गच्चीवर पडलेला तो स्लॅब दिसला, ज्याच्याखाली छत्तीस बिऱ्हाडं राहायला येणार होती.

"नाही," तो म्हणाला. "सतरा दिवस पाण्यात होते. पुढचे अकरा दिवस माझ्या सासऱ्यांच्या खाटेखाली."

लेखणी थांबली. "खाटेखाली?"

"हो. चार पाय, चार ठोकळे."

"म्हणजे यांच्यावर भार होता?"

"साठेक किलो."

"छप्पन!" तात्या मागून म्हणाले. "खाट येगळी."

दीप्तीने एक लांब श्वास घेतला. "सर, मला हे लिहावं लागेल."

"लिही."

"कारण काय लिहू? इथे तीनच पर्याय आहेत. वाहतुकीत नुकसान, मानवी चूक, नैसर्गिक आपत्ती."

"नैसर्गिक आपत्ती लिहा ना मॅडम," अल्पेश तात्यांकडे बघत म्हणाला. "मी साक्ष देतो."

तिने मानवी चूक लिहिलं. ठोकळे बाद केले, स्लॅबला तीन ठिकाणी भोकं पाडून नमुने काढायचा आदेश दिला आणि गच्चीवरचं पुढचं काम थांबवलं. जाताना ती हळूच म्हणाली, "काँक्रीट चांगलंच असणार सर, मला माहीत आहे. पण तुम्हीच शिकवलंत, माहीत असणं वेगळं आणि तपासणं वेगळं." सहदेवला त्या क्षणी आपण शिकवायला नको होतं असं फार मनापासून वाटलं. अल्पेश निघून गेला. आणि बाद झालेले चार ठोकळे आता कुणालाच नकोत असं कळताच, चर्चा संपायच्या आत, तात्यांनी लहूकडून ते पुन्हा रिक्षात चढवून घेतले.

दुपारपासून फोन सुरू झाले. पहिला रत्नप्रभा काकूंचा, चौथ्या मजल्यावर घर मिळणार होतं त्यांना.

"जावईबापू, तात्यांनी नेले ते नेले. म्हातारो माणूस. पण तुमका सांगूची काय गरज होती? दोन म्हयने आमी काय करायचा?"

सहदेव प्रत्येकाला हो म्हणाला, बरोबर आहे म्हणाला, माफ करा म्हणाला. विसाव्या फोननंतर त्याला आपण नक्की कशाबद्दल माफी मागतोय ते आठवेना.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा खाट पुन्हा चार ठोकळ्यांवर चढली होती. ट्रंक खाली, तात्या वर, पाय हवेत. आणि मग एकतीस वर्षांत साईटवर कधी न चढलेला सहदेवचा आवाज चढला.

"तात्या, दोन महिने गेले! तुमच्यामुळे! तुमच्याच घराला दोन महिने उशीर झाला, कळतंय का तुम्हाला?"

"माका काय घाई नाय," तात्या शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला नसेल हो, पण..."

"अहो," अनुपमा हात पुसत बाहेर आली. "मी तुम्हाला सांगणारच होते. रविवारी निवांत सांगू म्हटलं."

"काय?"

"ती जागा विकीच्या नावावर करायचीय. तात्यांनी सोसायटीत अर्ज दिलाय, मागच्या महिन्यात."

विकी म्हणजे अनुपमाचा धाकटा भाऊ. विरारला भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलांसह राहायचा. सहदेवने आधी तिच्याकडे बघितलं, मग तात्यांकडे.

"मग तुम्ही?"

"मी हयसरच," तात्या म्हणाले. "बाराव्या माळ्यार माका कोण इचारतला? विकी आणि त्येची बायल दोघांव कामार जातत. म्हटलां, आता कायमचा ऱ्हवाचा, तर ट्रंक लोकांच्या पायात किती वर्षां ठेवायची? म्हणान खाट वर घेतली."

सहदेव भिंतीला पाठ लावून खाली बसला. राग आला होता, चांगला गळ्यापर्यंत आला होता, पण तिथपर्यंत येता येता दमला. खालून त्याला तात्यांचे दोन पाय दिसत होते, सुकलेले, टाचांना भेगा पडलेले. आत निशा मोठ्याने सूत्रं पाठ करत होती.

"आज तुमी खरा बोललास," तात्या खाली बघून म्हणाले. "चारचौघात माझा हसू झाला. होवंदे. गिरणीत मीव असोच होतंय. खराब कापड पुढे सोडलंय नाय म्हणान कोण माझ्याशी बोलायचा नाय. विकी चांगलो आसा, पण तो असो नाय. आज माझो इचार पक्को झालो. ऱ्हवाचा तर तुमच्याकडेच."

सहदेवच्या उभ्या आयुष्यात त्याच्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि कौतुकाची एवढी किंमतही कुणी मागितली नव्हती. अनुपमाने चहा आणून त्याच्यापुढे ठेवला, साखर बरोब्बर, बिस्किटासकट.

तात्यांनी वाकून खाटेच्या पायाखालच्या ठोकळ्यावर बोटाने टकटक केलं.

"जावईबापू, हे किती वर्षां टिकतले?"

सहदेवने चहाचा घोट घेतला.

"साठ," तो म्हणाला. "ओल लागली नाही तर ऐंशी."

"मगे झाला," म्हणत तात्या भिंतीकडे कूस करून आडवे झाले.